जुन्या घरात हॉटेल काढताय? आधी छप्पर आणि चूल, सजावट शेवटी

ठाण्यात जुनं घर घेऊन तिथे हॉटेल काढायचं म्हणून कुणी माझ्याकडे आलं की मोबाइलमध्ये फोटो तयार असतात. उघड्या विटांची भिंत, लोंबते पिवळे दिवे, कोपऱ्यात पितळी बंब. मी फोटो बघते आणि विचारते, मेनूत तळण किती आणि भांडी कुठे घासणार? जुन्या वास्तूला बंबाने काही होत नाही. तिला खातं ते पाणी, तेलकट वाफ आणि दुरुस्तीच्या नावाखाली फासलेलं सिमेंट. त्यामुळे मी सांगते तो क्रम नेहमीच्या इंटिरियरच्या उलट आहे: छप्पर, पाणी, स्वयंपाकघर, वजन, आग, वायरिंग, आणि हे सगळं जागेवर बसलं की रंग-दिवे-खुर्च्या.

दाखले मी एकाच घराचे देते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. जुन्या ठाण्यात, तलावपाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वर एक माडी असलेलं कौलारू घर. पुढे ओटी, मग माजघर, मागे परस. वीट आणि चुन्याच्या दीड फुटी भिंती, वर सागवानी तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी छत. मागच्या बाजूला कुणीतरी नंतर जोडलेली सिमेंटची स्लॅबची खोली. महापालिकेच्या वारसा यादीत हे घर तिसऱ्या श्रेणीत. चालवायला घेणाऱ्या वहिनींना सीकेपी जेवण द्यायचं होतं: वालाचं बिरडं, कानवले, निनाव, तळलेले बोंबील, सोलकढी. या यादीतले बोंबील आणि सोलकढी लक्षात ठेवा, पुढे दोन्हीशी गाठ पडणार आहे.

सगळ्यात आधी वास्तूची श्रेणी लेखी काढून घ्या. ठाणे आणि नवी मुंबईला डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि त्यात वारसा इमारतींसाठी वेगळे नियम आहेत. ढोबळ अर्थ असा: पहिल्या श्रेणीत बळकटीसाठी लागेल त्यापलीकडे आतबाहेर हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर शक्य असतो, पण छाननी कडक. तिसऱ्या श्रेणीत वाव जास्त. वापर राहण्यावरून धंद्यावर नेणं हासुद्धा बदलच आहे, तो वारसा समितीपुढे जातो. अंबरनाथच्या शिवमंदिरासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर गोष्ट आणखी वेगळी. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे साध्या दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते. करारावर सही करण्याआधी हे बघा. डिपॉझिट देऊन बसलेली माणसं मग समितीवर चिडतात, आणि समितीचा त्यात काही दोष नसतो.

समितीपुढे जाताना थ्रीडी चित्रं कमी न्या, मोजणीचे नकाशे जास्त न्या. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक दाराचा, प्रत्येक कोनाड्याचा फोटो, नकाशावर क्रमांक घालून. शिवाय एक तक्ता: काय तसंच राहील, काय दुरुस्त होईल, काय नवीन येईल, आणि नवीन आलेलं उद्या काढायचं ठरलं तर मूळ भिंतीला किती भोकं उरतील. हा शेवटचा रकाना मी प्रत्येक कामात घालते. जे बसवाल ते काढता आलं पाहिजे, हा संवर्धनातला जुना नियम आहे. रकाना भरायला बसलं की निम्मी भोकं आपोआप कमी होतात.

जमलं तर एक पावसाळा त्या घरात काढा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कुठलाही सल्लागार सांगणार नाही इतकं तो पाऊस सांगतो. गळतं कुठे, ओल किती वर चढते, परसात पाणी किती वेळ साचून राहतं, पन्हळ कुठे ओसंडते. दर पंधरवड्याला खडूने भिंतीवर ओलीची रेघ मारायची आणि तारीख लिहायची. पावसाळा हातात नसेल तर निदान हे करा: भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून दोन-तीन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. भेगेवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा आणि तारीख टाका. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे, तिथे पुट्टी भरून काही होणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरच लागेल.

माझ्या या घरात माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा होता. ओल दिसते म्हणून आधीच्या कुणीतरी मारलेला. वर पोपडे, खाली पांढरा क्षार. गवंडीकाका कोकणातले, चुन्याचं काम वडिलांकडून शिकलेले. त्यांनी छिन्नीच्या दांड्याने भिंत ठोकत नेली, जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केला, आणि एका गोलात हलक्या हाताने गिलावा उचलला. एप्रिल महिना होता, बाहेर अंगण तापलेलं, आणि आतली वीट ओलीचिंब. काकांनी विटेवर अंगठा घासला, लाल चिखल निघाला. म्हणाले, "ताई, ही वरनं भिजत नाय, खालनं पितेय. आन् वर झाकण घातलंय, जाईल कुठं पाणी?"

सगळं त्यातच आलं. जुन्या भिंती पायातून थोडं पाणी शोषतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडतात. सिमेंट किंवा प्लॅस्टिक पेंटने तो रस्ता बंद केला की पाणी आणखी वर चढतं, सोबत क्षार नेतं, क्षार विटेच्या आत साकळतात आणि वीट भुगा होते. म्हणून सिमेंट काढणं हे पहिलं काम. काढून भिंत काही महिने उघडी सुकू द्या. घाईत पुन्हा झाकू नका.

मग चुना. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवून मुरवायचा, जितका मुरेल तितका चिवट. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. काका गुळाचं आणि हिरड्याचं पाणीही घालतात. भिंतीवर बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो, त्याला वेळ लागतो. कडक उन्हात केलेलं काम तडकतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम धरा आणि गिलाव्यावर ओलं गोणपाट ठेवा. एक माप चुन्याला तीन मापं वाळू-सुरखी हे पुस्तकातलं प्रमाण झालं, प्रत्यक्षात आपल्या वाळूवर दोन-तीन नमुने करून महिनाभर बघावेत. ठेकेदार म्हणेल, "मॅडम, चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर सेट होतं." ठामपणे नाही म्हणा.

आता चूल. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मूळ घराच्या आत, कडीपाटाखाली, व्यावसायिक स्वयंपाकघर करू नका. रोज धुतली जाणारी जमीन, वाफ, तेल, गॅस आणि डोक्यावर सागवान, हे एका खोलीत नांदू शकत नाही. जवळपास प्रत्येक जुन्या घराला मागे नंतरची काहीतरी जोड असते: पत्र्याची पडवी, स्लॅबची खोली, मोरी. तिला वारसा म्हणून मोल नसतं, ती ओलीला सरावलेली असते आणि परसाकडे उघडते. समितीलाही तिथले बदल पटतात. आमची सिमेंटची खोली इतके दिवस घराच्या अंगावरचं ठिगळ होती, तिलाच आम्ही स्वयंपाकघर केलं. मधल्या भिंतीला नवं भगदाड न पाडता जुनंच परसदार वाढपासाठी वापरलं. दार अरुंद, म्हणून जाणाऱ्या ताटांना ते दार आणि येणाऱ्या खरकट्याला बाजूच्या बोळातून वेगळी वाट. यामुळे वाढप्यांची धडकाधडक टळली आणि चौकटही शाबूत राहिली.

जमिनीला उतार मूळ भिंतीपासून लांब द्या. सांडपाण्याच्या नळाला फुटाला पाव इंच उतार पुरतो, पण जिथे वळण तिथे तोंड उघडता आलं पाहिजे. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, बाहेर परसात, रोज साफ करता येईल अशा उंचीवर. आतल्या खोलीत सिंकखाली दडवलेला ट्रॅप कुणी साफ करत नाही, हे मी अनेक ठिकाणी बघितलं आहे.

धुरासाठी डक्ट, म्हणजे पत्र्याचा नळ, कौलातून वर काढायचा मोह होतो, कारण तो सगळ्यात जवळचा रस्ता. तसं करू नका. कौलांच्या छपरात भोक पाडलं की पावसाला कायमचं दार मिळतं, आणि डक्ट वाशांना चिकटून गेला तर आत साठलेल्या तेलाला आग लागताच वासे पेटतात. आम्ही तो जोडखोलीच्या स्लॅबवरून बाजूला काढून स्वतःच्या लोखंडी खांबांवर उभा केला, घराच्या भिंतीला कुठेही न टेकवता. चुलीवरच्या हुडमध्ये तेल अडवणारे बॅफल फिल्टर, प्रत्येक वळणावर साफसफाईची झडप, आणि तोंड शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर. आळीत घरं एकमेकांना खेटून असतात. बोंबलाचा वास शेजारच्या देवघरात गेला तर तक्रार येणारच आणि ती रास्त असेल, म्हणून वास-धूर धुणारं स्क्रबर युनिट आधीच बजेटमध्ये धरा. आणि एक: जितकी हवा ओढता, तितकी आत यायलाही वाट द्या. नाहीतर पंखा माजघरातून हवा खेचतो, थंडावा निघून जातो आणि धूर तसाच घुटमळतो.

वजनाचा हिशेब सजावटवाले करतच नाहीत. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, रेस्टॉरंटसाठी ४००. म्हणजे चार बाय पाच मीटरच्या माडीवर टेबलं लावायची तर तिला आठ हजार किलो पेलता आले पाहिजेत, आणि ती बांधली कुटुंबाच्या अंथरुणांसाठी. इंजिनियर येण्याआधी तुम्हीही एक करू शकता. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मधला भाग बहुतेक ठणठणीत असतो, भिंतीतलं ओलं टोक कुजतं. आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीतल्या तुळयांत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, आणि बाहेर बघितलं तर बरोबर तिथे पन्हळ फुटलेली. तुळई पूर्ण बदलली नाही. कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा जोडला आणि खाली भिंतीलगत बारीक लोखंडी खांब दिला. माडीवर टेबलं कमी, भिंतीकडेने मांडलेली, दोन खुर्च्यांची. तांदळाची पोती आणि डीप फ्रीजर माडीवर कधीही चढवू नका.

आगीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांना आग लागून १४ माणसं गेली. लाकडी जिना एकच आणि अरुंद असेल तर माडीवर किती माणसं बसवायची हे तो जिनाच ठरवतो. दुसरा जिना बाहेरून, लोखंडी, बोल्टने उघडता येईल असा, परसाच्या बाजूला. सागावर पारदर्शक अग्निरोधक लेप मिळतो, तापल्यावर फुगून तो लाकूड वाचवतो, पण त्याखाली जुनं तेल आणि व्हार्निश उरलं तर तो धरत नाही. तळणीजवळ साधं अग्निशामक चालत नाही, तेलाच्या आगीसाठी के प्रकारचं हवं. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना नकाशा पक्का होण्याआधी जागेवर बोलवा. नियमातली रुंदी भरत नसेल तर पर्याय त्यांच्याशी बसून काढावा लागतो, आणि ते आधी झालं तर बरंच काही जमतं.

वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या मारायच्या नाहीत. पाइप भिंतीवरून, सरळ रेषेत, दिसू द्या. पूर्वी लाकडी पट्ट्यांवरून वायर जायचीच. क्लिपचा स्क्रू दोन विटांमधल्या चुन्याच्या सांध्यात जाऊ द्या, विटेत किंवा दगडात नको. सांधा पुन्हा भरता येतो. जुनी वायरिंग सगळी काढा, प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, लावा, स्वयंपाकघराचं पॅनल वेगळं.

एसी हवाच असतो, मे महिन्यात ठाण्यात त्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. फक्त फॉल्स सीलिंग करून कडीपाट झाकू नका, वरची गळती आणि वाळवी त्यामागे दिसत नाही. आम्ही उभी युनिट्स कपाटांत बसवली, पाणी थेट नळाला नेलं, बाहेरची युनिट्स परसात, आणि ओटीवर नुसते पंखे.

जमिनीत शहाबादी असेल तर सोलकढीची आठवण ठेवा. शहाबादी म्हणजे चुनखडकच, आणि कोकमाचं आम्ल त्यावर पडलं की पॉलिश खाऊन मंद डाग उठतो. तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. लिंबू, व्हिनेगर, फरशीवाले आणतात ते अॅसिड, सगळ्यांचं तेच. टेबलांखाली जाड सतरंज्या आणि सांडलं की लगेच साध्या पाण्याने पुसणं, एवढंच. जुन्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सनाही अॅसिड आणि घासणारं मशीन दोन्ही वर्ज्य. फुटलेली टाइल निघाली तर उलटी करा, मागे बहुतेक कारखान्याचा छाप असतो. मंगलोरी कौलांनाही असतो. फोटो काढून नकाशासोबत ठेवा. घराचं वय ठरवायला त्याची मदत होते, आणि ओटीवर लावलेली तशी दोन कौलं गिऱ्हाईक थांबून बघतात.

भिंतींना चुन्याचीच सफेदी, पातळ तीन-चार हात, हवा तर गेरू किंवा पिवडी घालून. पण जेवणाऱ्यांच्या पाठी आणि तेलकट हात भिंतीला लागणारच. त्यासाठी खुर्चीच्या उंचीपर्यंत लाकडी फळ्यांची पट्टी करा, भिंतीपासून इंचभर पुढे, खाली-वर मोकळी, जमिनीवरच्या चौकटीत उभी. भिंत मागे श्वास घेत राहते आणि फळ्या खराब झाल्या तर बदलता येतात. भिंतींसाठी आपण केलेलं सगळं याच एका इंचामुळे टिकतं.

आणि त्या फोटोतल्या उघड्या विटा? गिलावा खरवडून त्या मुद्दाम उघड्या करू नका. आपल्याकडची घराची वीट गिलाव्याखाली राहण्यासाठीच भाजलेली असायची, ती मऊ असते, जेवणाच्या टेबलावर तिची लाल पूड पडते. मग लोक वार्निश मारतात आणि गोष्ट पुन्हा सिमेंटपाशी येते.

दिव्यांचं थोडक्यात: २७०० केल्विनचा उबदार प्रकाश, टेबलापासून अडीच फुटांवर लोंबता, तुळईला स्क्रू न मारता पट्ट्याने अडकवलेला. भिंतींवर स्पॉटलाइट नको, गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. कोनाड्यांत मंद दिवा पुरे. खुर्च्या हलक्या, पायांना फेल्ट. पाटी दर्शनी भिंतीवर न ठोकता अंगणात खांबावर.

जोतं दोन फूट उंच असेल तर एकास बारा उताराने रॅम्प चोवीस फूट होतो. मोठा वाटतो, पण अंगणाच्या कडेने वळवून लाकडी-लोखंडी, उचलता येणारा करा. आजी-आजोबांना घेऊन येणारी कुटुंबं हेच अशा हॉटेलचं खरं गिऱ्हाईक आहे, त्यांना चार दगडी पायऱ्यांवर अडवू नका.

शेवटचं काम कागदावरचं. भाडेकरार लांब मुदतीचा करा आणि छप्पर-पन्हळ कुणी सांभाळायची, खर्च कुणाचा, हे त्यात स्पष्ट लिहा, कारण भांडणं बरोबर तिथे होतात. पाइप, वायर, खांब जिथून गेलेत त्याचा नकाशा आणि चुन्याचं आमचं मिश्रण एका फाइलमध्ये घालून मी वहिनींच्या गल्ल्याच्या खणात ठेवलं. सोबत वर्षाची यादी: मेच्या शेवटी कौलं शाकारणं आणि पन्हळी साफ, दर महिन्याला डक्टच्या झडपा उघडून आतलं तेल खरवडणं, दिवाळीआधी तुळयांची टोकं टोचून बघणं, हिवाळ्यात सफेदीचा एक हात. यादीखाली गवंडीकाकांचा नंबर आहे, आणि नवा मॅनेजर आला की भिंतीत खिळा ठोकण्याआधी त्याने ही फाइल वाचायची असं ठरलं आहे.